तपासलं एक, उघडलं भलतंच

प्रश्न: ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर मी बॅकअपची स्क्रिप्ट लिहिलीय, रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालते, टेम्प फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल आहे का बघते, नसली तर बनवून त्यात लिहिते. सीनियर म्हणतो यात भोक आहे, मला तर दिसत नाय.
- एक वाचक, म्हापसा

उत्तर: सीनियर बरोबर बोलतोय हो. शुक्रवारच्या बाजारात तुम्ही कल्ले लाल बघून बांगडे पसंत केले आणि सुट्टे काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात वाटाच बदलला तर? तसंच हे. 'फाइल नाही' असं बघणं आणि ती उघडणं यांच्या मधल्या फटीत कुठलाही साधा युजर त्याच नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारा शॉर्टकट, ठेवू शकतो, ती थेट पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवणारी, आणि मग रूटच्या अधिकाराने तुमचीच स्क्रिप्ट तिच्यावर लिहून मोकळी. फट मिलिसेकंदाची का असेना, समोरचा लूप लावून हजारदा ट्राय करतो, त्याला एकदाच जमायला हवं. २०१२ च्या लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) ३.६ पासून टेम्पसारख्या, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या पण दुसऱ्याची फाइल पुसू न देणाऱ्या (स्टिकी बिटवाल्या) फोल्डरात हे अडवणारं सेटिंग आहे, पण ते चालू असेलच असं धरू नका. शेल स्क्रिप्टमधे एमकेटेम्प (mktemp) ही कमांड वापरा, सी भाषेत असेल तर ओपनला (open) ओ-क्रिएटसोबत (O_CREAT) ओ-एक्सक्ल (O_EXCL) हा फ्लॅग द्या, तपासणं आणि बनवणं एकाच झटक्यात होतं. आणि खरं सांगू, रूटची फाइल टेम्पमधे ठेवायचीच कशाला, रूटच्या मालकीचं वेगळं फोल्डर करा ना.