एवढं शिकून पाइपच धुवायचे?

प्रश्न: मॅडम, मी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग, वय २४, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी. कॉलेजच्या सहलीत गंगापूर धरणाजवळची एक वायनरी बघितली. तिथे संध्याकाळी एक वाईनमेकर ग्लास उन्हाकडे धरून रंग बघत होते. तेव्हाच ठरवलं, आपण हेच व्हायचं. घरी भांडणं झाली (‘दारूच्या कारखान्यात?’), तरी गेल्या डिसेंबरात दिंडोरीकडच्या एका वायनरीत असिस्टंट म्हणून लागले. चार महिन्यांत ग्लास दहा वेळा हातात आला असेल. बाकी गमबूट, पाइप आणि टाक्या धुणं. सीझनमध्ये बारा-चौदा तास. एकदा टाकीतला चोथा काढताना गरगरलं, तर सुपरवायझर म्हणाले सवय होईल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फार्मा कंपनीत लागलेल्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा सहा हजार जास्त मिळतात. बाबा म्हणतात, ‘एवढं शिकून पाइपच धुवायचे होते, तर आपल्या ड्रिपचे धुतले असते.’ राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?

उत्तर: राजीनाम्याचं नंतर बोलू. आधी त्या गरगरण्याचं.

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातली दोन पानं पाइप धुण्यावर आणि या प्रसंगावर एक ओळ. मी मात्र त्या ओळीवरच अडले. एक लिटर रस आंबताना चाळीस लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे तुला मी सांगायला नको. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही. रेड वाईनची टाकी रिकामी केली की साली-बियांचा चोथा तळाशी राहतो आणि त्याच्यासोबत वायूही राहतो. आपल्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरायच्या आधी जुनी माणसं कंदील सोडून तो विझतो का बघायची. तुझ्या बाबांनीही बघितलं असेल. तुमच्या वायनरीत तेवढंही होत नसेल तर कठीण आहे.

‘सवय होईल’ हे पाठदुखीला म्हणायचं वाक्य. या वायूची सवय होत नाही, माणूस आडवा होतो. आणि त्याला काढायला जो धावत आत उतरतो, तोही आडवा होतो. म्हणून उद्याच्या उद्या लेखी विचार: टाकीत उतरण्याआधी वायू मोजायचं यंत्र आहे का, ब्लोअर लावतात का, तोंडाशी दुसरा माणूस आणि दोर असतो का. हे मिळेपर्यंत आत उतरायचं नाही. कुरकुर झाली तर राजीनामा लिहिलेलाच आहे, त्याच दिवशी दे. मग माझं पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण समजा त्यांनी ऐकलं. आता पाइपांकडे येऊ.

सहलीत तू जो माणूस बघितलास, तो खरंच रंग तपासत होता की पाहुण्यांसाठी ग्लास धरून उभा होता, याची मला शंका आहे. पर्यटकांच्या वेळेत त्यांच्यासमोर कोणी चोथा उपसत नाही. तू एका वर्षातली पाच मिनिटं बघितलीस, तीही पाहुण्यांना दाखवायची. पत्रात तू राजीव सामंत यांचंही नाव लिहिलं आहेस. अमेरिकेतली नोकरी सोडून ते नाशिकला आले, २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाईन निघाली, हे खरं. पण ती मालकाची गोष्ट आहे. नोकरीला लागलेल्या मुलीने ती आपली म्हणून वाचली की पहिल्याच पगाराला पाय जमिनीला लागतात.

वाईन करणं हे बरंचसं धुणंच आहे. यात गंमत म्हणून काही बोलत नाहीये. पाइपाच्या सांध्यात चमचाभर जुना रस राहिला की अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया घर करतात आणि पुढच्या टाकीचं व्हिनेगर व्हायला सुरुवात होते. ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट लाकडी पिंपात शिरलं की २२५ लिटर वाईनला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो आणि ते पिंप पुन्हा कधी पूर्ण विश्वासाचं राहत नाही. आधी कॉस्टिक सोडा, मग सायट्रिक अ‍ॅसिड, मग साधं पाणी आणि शेवटी पीएच पट्टी, हा क्रम तू रोज करतेस. एमएस्सीच्या लॅबमध्ये हेच तू ऑटोक्लेव्ह आणि लॅमिनार फ्लोसमोर पांढरा कोट घालून करत होतीस, तेव्हा तुला कमीपणा वाटत नव्हता. आता कोटाच्या जागी गमबूट आले आणि बाबांनी बघितलं, एवढाच फरक.

एक करून बघ. धुतलेल्या पाइपाच्या सांध्यातून स्वॅब घे, प्लेटवर लाव, आठवडाभर बघत राहा. कुठल्या पाइपात काय उगवतं, कॉस्टिक गरम असताना आणि थंड असताना काय फरक पडतो, वहीत लिही. दुसऱ्या दिवशी कामावर पोहोचल्या पोहोचल्या तू आधी प्लेट बघायला पळालीस, तर तू योग्य ठिकाणी आहेस. प्लेटचाही कंटाळा आला, तर तुला वाईन करणं नाही, तो ग्लास आवडला होता. त्यात कमीपणा काही नाही. चव, सर्व्हिस, विक्री हे वेगळं करिअर आहे. त्यासाठी डब्ल्यूएसईटी (वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेचे कोर्स आहेत. मात्र ते वाईन चाखायला आणि ओळखायला शिकवतात, बनवायला नाही. फी भरण्याआधी हे लक्षात ठेव.

आता माझी एक गोष्ट. मला पत्रकार व्हायचं होतं. झाले. एका दैनिकाच्या रात्रपाळीला निधनवार्ता तपासायला बसवलं. एकदा तर मृताच्या जागी त्यांच्या हयात भावाचं नाव छापून गेलं आणि सकाळी ते गृहस्थ स्वतः पेपर घेऊन ऑफिसात आले. दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत राहिले की पत्रकारितेने भ्रमनिरास केला. खरं तर निधनवार्तांचा मला तेवढा त्रास नव्हता. नावाच्या स्पेलिंगसाठी रात्री अकराला फोन करण्यात एक प्रकारची शिस्त होती, ती आवडायची. पगार तीन-तीन महिने मिळत नव्हता, त्याला मी कंटाळले होते. मालकाचा राग धंद्यावर काढला. दुसऱ्या पेपरात अर्जही केला नाही.

तुझ्या पत्रात तीच सरमिसळ दिसते. धुणं आणि सीझनची धावपळ हा कामाचा त्रास. आपल्याकडे पावसाळ्यात वेलीवर घड ठेवता येत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळाची छाटणी आणि सगळा माल जानेवारी ते मार्चमध्ये एकदम. द्राक्ष थांबत नाही, त्यामुळे त्या दहा-बारा आठवड्यांत कुठल्याही वायनरीत तुला रात्र होणारच. ‘सवय होईल’ म्हणणारा सुपरवायझर आणि पगार हा मालकाचा त्रास. तो दुसऱ्या दारात गेल्यावर बदलू शकतो. त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून फौजदार होऊन गेलेला एक मुलगा मला सांगत होता, की वर्दीच्या स्वप्नात पंचनामा कुठेच नव्हता आणि आता दिवसातला बराच वेळ तोच लिहितो. तरी तो टिकला. दुसऱ्या पोलीस ठाण्यात बदली झाल्यावर.

तू डिसेंबरला लागलीस, म्हणजे फक्त सीझन बघितलास. निवळलेली वाईन एका टाकीतून दुसरीत घेणं, पिंपांतले नमुने, कुठल्या टाकीत कुठली किती मिसळायची याचे टेबलावरचे प्रयोग, बॉटलिंग, हे सगळं अजून व्हायचं आहे. वरिष्ठांना सरळ सांग: ब्लेंडिंगच्या टेबलावर मला बसू द्या, बोलणार नाही, नोंदी घेईन. आणि पुढच्या सीझनला पन्नास लिटरचा एक छोटा लॉट माझ्या हाती द्या. गणपतीपर्यंत यातलं काहीच झालं नाही आणि तू पाइपापाशीच असशील, तर शोध सुरू कर. भांडून मात्र निघू नकोस. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं, म्हणजे या उद्योगाची खरी वाढ साधारण तुझ्याच वयाची, आणि जिल्ह्यातले वाईनमेकर एकमेकांना नावाने ओळखतात.

युरोप-अमेरिकेत काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात असते, आपल्या सीझनशी ती टक्कर घेत नाही. तिथल्या वायनऱ्या तेवढ्या काळासाठी बाहेरची मुलं घेतात. एक सीझन इथला नीट पूर्ण केलेला असेल तर अर्जात लिहायला काहीतरी असतं. तिथेही तुला पाइपच धुवायला देतील, हे आधीच सांगते.

सहा हजारांचं काय? फरक आहे आणि तो लगेच मिटणार नाही. खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे यात ओढाताण होत असेल तर अंबडची नोकरी घे, मी तुला कमी समजणार नाही. पण मैत्रिणीचा पगार ऐकून वाईट वाटतं एवढंच असेल, तर गणपतीपर्यंत थांबता येईल.

राहिले बाबा. त्यांना विचार, वर्षातले किती दिवस घड हातात असतो? छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, भुरी आणि डावणी या रोगांवरच्या फवारण्या, अवकाळीच्या रात्री आभाळाकडे बघत बसणं, आणि मग व्यापारी आला तर पंधरा दिवस माल. हे काम ते आयुष्यभर करत आलेत, त्यामुळे पाइप धुण्यात कमीपणा नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांना पाइप टोचत नाहीत. पोरीला तिथे कोणी किंमत देत नाही, हे टोचत असेल. टाकीतल्या गरगरण्याचं त्यांना सांगितलं नसशील, असा माझा अंदाज आहे. सांग.

आता घरी खरड छाटणी चालू असेल. सुट्टी काढून दोन दिवस जा. ड्रिपच्या लॅटरल, म्हणजे वेलींजवळच्या बारीक नळ्या, अ‍ॅसिडने धुवायच्या असतीलच, आणि बाबा अ‍ॅसिड अंदाजाने सोडत असतील. जाताना पीएच पट्ट्यांची एक डबी पिशवीत टाक.