मोठ्या प्रोजेक्टला किती वेळ लागेल याचा अंदाज दरवेळी चुकतो, बरोबर कसा काढायचा?

आपल्या प्लॅनमधले दिवस बेरीज करत बसू नका, तशीच आधी झालेली कामं प्रत्यक्षात किती दिवस चालली ते बघा आणि तिथून सुरुवात करा. कारण प्लॅन करताना आपण सगळं सुरळीत होईल असंच धरतो, परवानगी अडकणं, माणूस मध्येच सोडून जाणं, केलेलं उसवून परत करणं हे कागदावर येतच नाही, कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडलंय. सिडनी ऑपेरा हाऊस १९६३ ला होणार होतं, उघडलं १९७३ ला, त्या शिंपल्यासारख्या छपराचं डिझाईन पक्कं व्हायच्या आधीच बांधकाम सुरू केलेलं! फक्त एक, काम अगदीच नवीन असेल तर जुनी उदाहरणं मिळणार नाहीत, मग आधी त्यातला सगळ्यात अवघड तुकडा करून बघा आणि मगच तारीख सांगा.