उखळातलं डोकं आणि तीनशे गाई

प्रश्न : आई दर श्रावणात शिवलीलामृत वाचायची. चौदाव्या अध्यायात चिलया बाळ आला की ती रडायची आणि मला त्या दिवशी जेवणच जायचं नाही. आता पोथी मी वाचते, तर माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, देवाला माणसाचं मटण कशाला हवं होतं? काय सांगू? आणि खरंच आपल्याकडे माणसं बळी द्यायचे का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, ही पोथी श्रीधरस्वामींनी बारामतीतच लिहिली, शके १६४० म्हणजे १७१८ साली, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर गावातून आलाय.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. श्रियाळ राजाच्या दारी शंकर अतिथी बनून येतो आणि नरमांस मागतो, राणी चांगुणा म्हणते माझं घ्या, तो म्हणतो नाही, तुझं पोरगंच पाहिजे. पोराला, म्हणजे चिलयाला, शाळेतून आणतात, मारतात, शिजवतात, फक्त डोकं तेवढं ती बघायला म्हणून मागे ठेवते, तर ते पण त्याला कळतं आणि तो म्हणतो घाल उखळात आणि कांड, डोळ्यात पाणी येता कामा नये. ती बाई कांडता कांडता गाणं म्हणते हो! आणि पानं वाढल्यावर हे महाराज म्हणतात, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. लहानपणी मला इथे रडू नाही, राग यायचा. मग ती हाक मारते आणि चिलया धावत येतो. म्हणजे नीट बघा, एवढं सगळं होऊन एक घासही कुणाच्या पोटात जात नाही.

ही कथा मुळात आपली नाहीच. पोथीतलं कांतीनगर म्हणजे कांची, आणि बाराव्या शतकातल्या तमिळ पेरियपुराणात शिरुत्तोंडर नावाच्या शिवभक्ताची हीच गोष्ट आहे, तिथे सुरा बापाच्या हातात आहे, आपल्याकडे मुसळ आईच्या हातात आलं आणि सगळं रडणं तिच्या वाट्याला. गंमत म्हणजे हा शिरुत्तोंडर आधी कांचीच्या पल्लव राजांचा सेनापती होता, ६४२ साली ज्यांनी आपल्या चालुक्य पुलकेशीची राजधानी बदामी घेतली त्यांच्यातला, आणि त्याच्याच पोरासाठी आपल्या आया श्रावणात पदर डोळ्याला लावतात.

खरंच बळी द्यायचे का, तर वेदातल्या पुरुषमेधात, म्हणजे माणसाच्या बळीच्या यज्ञात, प्रत्यक्ष माणसं मारायचे की नुसता विधी होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण शतपथ ब्राह्मण या यज्ञविधीच्या वैदिक ग्रंथात एक जागा आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. माणसं यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधलेली आहेत, अग्नी फिरवून झालाय, आता मारायचं, तेवढ्यात वाणी होते की हे पुरं करू नकोस, केलंस तर माणूस माणसाला खाईल. आता हे असं का, तर यज्ञात पशू मारला की त्याचं मांस ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, खायचे, हा नियमच होता. म्हणजे माणूस मारला तर पुढची पायरी पानातच येणार, आणि तिथे त्यांच्या पोटात गोळा आला. मग सगळ्यांना सोडून देतात आणि तुपाची आहुती टाकतात.

आणि ऐतरेय ब्राह्मण या तसल्याच ग्रंथातला शुनःशेप तर वाचाच. हरिश्चंद्राने वरुणाला स्वतःचा मुलगा कबूल केलेला, पण मुलगा म्हणतो मी नाही मरणार आणि रानात पळतो. मग बदली माणूस शोधा. अजीगर्त म्हणून उपाशी ब्राह्मण भेटतो, तीन पोरं, थोरला बाप सोडत नाही, धाकटा आई सोडत नाही, मधला, म्हणजे शुनःशेप, शंभर गाईंना विकला. बांधायला कुणी पुढे येईना तर बाप म्हणाला अजून शंभर द्या, मी बांधतो. मारायला कुणी येईना तर अजून शंभर, आणि सुरी परजत आला!! पोरगं देवांना एकेक ऋचा म्हणतं तसे दोर सुटतात. सुटल्यावर ते यज्ञातल्या विश्वामित्र ऋषीच्या मांडीवर जाऊन बसतं, आणि बाप परत घ्यायला येतो तेव्हा सांगतं, तुला माझ्यापेक्षा तीनशे गाई जास्त वाटल्या.

माझं ऐकाल तर मुलीला आधी ही गोष्ट सांगा. चिलया उलट बोलत नाही, हा बोलतो. आणि राजाचं पोरगं वाचवायला गरिबाचं पोरगं लागलं हे आठ वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं, न समजावता.

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला कोहळा कापला. गुरुजी म्हणाले हा माणसाच्या जागी असतो. खरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गुरुजींनी भाव जरा चढवून सांगितला :) कालिकापुराणात नरबळीचं वर्णन आहे हे खरं, पण कोहळा आणि ऊस यांची गणती तिथे बोकडाच्या बरोबरीने केलीय. त्यामुळे तुम्ही फार तर एक बोकड वाचवलात. उरलेल्या अर्ध्या कोहळ्याच्या वड्या करा.

प्रश्न : गावात एक भगत येतो, म्हणतो पडक्या वाड्यात गुप्तधन आहे पण काढायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस पाहिजे. माझा धाकटा भाऊ पायाळू आहे, बारा वर्षांचा. घरचे म्हणतात नुसतं उभं राहायचंय, काय होतंय.
– नाव छापू नये

उत्तर : पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते इथपर्यंत ठीक, त्यात कुणाचं काही जात नाही. पण त्या वाड्यात भावाला पाठवू नका, दिवसा नाही, तुमच्यासोबत पण नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते ७४ मध्ये गुप्तधनापायीच बायका आणि लहान लहान मुली मारल्या गेल्या.

२०१३ चा नरबळी आणि जादूटोणा विरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला होता. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, दुसऱ्याला करायला लावणं, दोन्ही गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. काही घडायची वाट बघू नका. कायद्यात यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात, पोलीस ठाण्यात जाऊन तेच नाव घेऊन विचारा आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. घरच्यांशी भांडण नंतर करा, आधी भाऊ मामाकडे पाठवा.