‘सरासरी वेग’ की ‘सरासरी चाल’?

प्रश्न असा आहे: गाडी जाताना ताशी 40 किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने परत येताना ताशी 60 ने आली. मग सरासरी वेग 50 का नाही? आणि याला ‘वेग’ म्हणायचं की ‘चाल’?

उत्तर ‘सरासरी’ या शब्दातच दडलंय. तो फारसी ‘सरासर’वरून आला. ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध. ‘हे सरासर खोटं आहे’ म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. प्रवासाची सरासरीही तशीच काढायची: सबंध अंतर भागिले सबंध वेळ. दोन वेगांची बेरीज करून दोनने भागणं म्हणजे आकड्यांची सरासरी झाली, प्रवासाची नव्हे.

अंतर एका बाजूने 120 किलोमीटर धरा. जायला 3 तास, यायला 2. एकूण 240 किलोमीटर, 5 तास. उत्तर ताशी 48. अंतर 120 ऐवजी 12 घेतलं तरी 48च येईल. गाडी 40 च्या वेगाने जास्त वेळ चालली, म्हणून उत्तर 40 कडे झुकतं. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, म्हणजे 4800 भागिले 100. हे सूत्र दोन्ही टप्प्यांचं अंतर सारखं असेल तरच लावायचं. वेळ सारखा असेल, समजा 2 तास 40 ने आणि 2 तास 60 ने, तर 200 भागिले 4, म्हणजे बिनदिक्कत 50. प्रश्नात ‘अर्धं अंतर’ आहे की ‘अर्धा वेळ’, हे आधी पाहावं; बहुतेक चुका तिथेच होतात.

आता वेग आणि चाल. बोलण्यात, ‘वेगमर्यादा’सारख्या शब्दांतही, सर्रास ‘वेग’ चालतो आणि त्यात काही बिघडत नाही. भौतिकशास्त्रात मात्र ‘चाल’ला दिशा नसते, ‘वेग’ला असते, सरासरी वेग म्हणजे विस्थापन (निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) भागिले वेळ. वरची गाडी निघाली तिथेच परतली, म्हणजे विस्थापन शून्य. सरासरी चाल ताशी 48, सरासरी वेग शून्य! परीक्षेत हा फरक पाळायलाच हवा.

वाटेत तासभर थांबलात तर तोही सबंध वेळेत धरायचा: 240 भागिले 6, ताशी 40. थांबे वगळायचे असतील तर तसं स्पष्ट लिहावं. अडीच तास 2.30 नव्हे, 2.5 लिहून भागावेत. आणि ‘ताशी 48 किलोमीटर प्रति तास’ ही द्विरुक्ती टाळावी. ‘ताशी’ आलं की ‘प्रति तास’ आलंच.