वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठचे घर आणि निळ्या टाइल्सच्या भिंती

प्रश्न : सोलापुरातील एका चादर कारखान्यात मी डिझाइन मास्टर होतो. जेकॉर्ड या नक्षी विणणाऱ्या मागासाठी नक्षी ग्राफ कागदावर उतरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मुलगी लिस्बनला नोकरीस असून दिवाळीनंतर आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. जवळच्या कश्काइश गावी समुद्रकाठचे ‘सांता मारिया’ हे जुने घर संग्रहालय म्हणून पाहता येते आणि त्याच्या भिंतींवर जुन्या पोर्तुगीज टाइल्स आहेत, असे तिने कळवले आहे. लिस्बनमध्ये पाहण्यासारखे एवढे असताना या एका घरासाठी दिवस काढावा का? तेथे काय आणि कसे पाहावे? आठवण म्हणून जुनी टाइल विकत आणता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिवस अवश्य काढावा. आपल्यासारख्या नक्षीच्या जाणकाराने तर तो चुकवूच नये, कारण टाइल्स संग्रहालयाच्या कपाटात पाहणे वेगळे आणि ज्या भिंतीवर त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात राहतात तेथे पाहणे वेगळे.

घराची हकिकत थोडक्यात अशी. वास्तुविशारद राउल लिनो याने 1902 मध्ये जॉर्जे ओनील या धनिकासाठी ते बांधले. लिनोवर मोरोक्कोतील वास्तुकलेची छाप होती, ती येथील कमानींत आणि पांढऱ्या भिंतींत दिसते. पुढे हे घर लिनोच्याच भावाने घेऊन वाढवले आणि लिस्बनच्या उत्तरेकडील फ्रिएलास येथील एका चॅपेलमधील सतराव्या शतकातील टाइल्स आणून येथे बसवल्या. म्हणजे टाइल्स घरापेक्षा दोन शतकांनी जुन्या आहेत आणि मुळात त्या निराळ्याच भिंतींसाठी घडवलेल्या होत्या. हे लक्षात ठेवून आत शिरलात तर पाहण्याला दिशा मिळेल : कोपऱ्यात, दाराच्या चौकटीशी आणि खिडकीखाली चित्र नीट संपते की मध्येच कापले जाते, किनार सलग आहे की जोडून घेतलेली आहे, हे तपासावे. अशा जोडकामासाठी जुने कारागीर टाइलच्या मागच्या बाजूस अक्षरे आणि आकडे लिहीत असत. ती खूण भिंतीत दडलेली असल्याने आपल्याला दिसणार नाही, पण पुढची बाजू बारकाईने पाहिल्यास जोडणाऱ्याचे कौशल्य किंवा त्याची अडचण उमगते. 2004 पासून हे घर तेथील नगरपालिकेकडे आहे.

आता नक्षीविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे असे मला वाटते. ही टाइल साधारण 14 सेंटिमीटर चौरसाची असते. सतराव्या शतकात पोर्तुगालमधील चर्चच्या भिंती निळ्या-पिवळ्या रंगांच्या नक्षीने गालिचा अंथरावा तशा भरून टाकण्याची रीत होती. तेथे आपला ओळखीचा ‘रिपीट’, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, आपल्याला लगेच सापडेल. सर्वांत साधा रिपीट दोन बाय दोनचा, म्हणजे चार टाइल्सचा. मोठ्यात मोठे बारा बाय बारापर्यंत जातात. मात्र एक मोठा फरक आहे. नक्षी पाव वळसा फिरवून हवी असेल तर आपल्याला ती ग्राफवर पुन्हा काढावी लागत असे. टाइल बसवणारा तीच टाइल हातात फिरवून बसवतो आणि एकाच चित्राच्या चार टाइल्समधून पूर्ण फूल उभे राहते. अशी भिंत समोर आली की आधी मागे सरून पूर्ण आवाका पाहावा, मग जवळ जाऊन एकच टाइल शोधावी आणि ती कोणत्या दिशेला कशी फिरली आहे ते पाहावे. एखादी टाइल उलटी बसलेली आढळली, तर ती बहुधा नंतरच्या दुरुस्तीची खूण असते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस चिनी पोर्सेलीन आणि डच टाइल्स यांच्या प्रभावाने पिवळा रंग मागे पडला आणि पांढऱ्यावर निळ्या रंगात माणसे, झाडे, संतांच्या कथा यांची सलग चित्रे होऊ लागली. येथे रिपीट नसतो. शेकडो टाइल्स मिळून एक चित्र होते. भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलाच्या ऑक्साइडचा पांढरा, अपारदर्शक लेप देतात. टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड थापून त्या कोरड्या लेपावर खाका उतरवतात, जसा आपल्याकडे भरतकामासाठी उतरवतात, आणि मग कोबाल्टच्या निळ्याने रंगवून टाइल पुन्हा भाजतात. लेप रंग क्षणात शोषून घेतो, त्यामुळे ओढलेली रेघ पुसता येत नाही. अशा चित्रातील एखाद्या चेहऱ्याची किंवा वस्त्राच्या चुणीची रेघ हातभर अंतरावरून न्याहाळावी : फिकट निळ्याचा सपाट थर, त्यावर गडद रेघ आणि कुंचला उचलताना तिला आलेले निमुळते टोक. त्या कारागिराच्या हाताचा आत्मविश्वास मला थक्क करतो.

समुद्रकाठच्या जागेचा परिणामही पाहावा. खाऱ्या हवेत भिंतीला लोणा धरतो, म्हणजे ओलाव्यातील क्षार टाइलमागे साचून स्फटिक होतात आणि चकाकीचा थर टवके होऊन निघतो. म्हणून भिंतीला हात लावू नये. तळव्याच्या दाबानेही सुटू पाहणारा टवका गळतो.

घराला लागूनच सांता मार्ताचा दीपस्तंभ आहे. 1868 मधील हा चौकोनी मनोरा निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा असून त्याच्याही अंगावर टाइल्स आहेत. तोही त्याच फेरीत पाहून घ्यावा.

जुनी टाइल मात्र कृपया घेऊ नका. लिस्बनच्या जुन्या बाजारात त्या सुट्या विकायला असतात, परंतु त्यांतील कितीतरी पडक्या किंवा ओसाड घरांच्या भिंतींवरून चोरून काढलेल्या असतात. ही चोरी एवढी वाढली की तेथील तपास पोलिसांच्या संग्रहालयाने 2007 मध्ये ती रोखण्यासाठी खास उपक्रम सुरू केला. एक टाइल निघाली की तिच्या शेजारच्या नक्षीचा रिपीट कायमचा तुटतो, हे आपल्याला मी सांगायला नको. आठवण हवी असल्यास आजच्या कारागिराने हाताने रंगवलेली नवी टाइल त्याच्या कार्यशाळेतून घ्यावी. पैसाही योग्य हातात जातो.

जाण्याची सोय सोपी आहे. लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकावरून सुटणारी गाडी सुमारे 40 मिनिटांत कश्काइशला पोहोचते. जाताना डाव्या खिडकीशी बसावे, नदी आणि पुढे समुद्र त्याच बाजूला असतो. स्थानकापासून घर चालत जाण्याजोगे आहे. त्या दिवसांत पाऊस असतो आणि पदपथांवरील गुळगुळीत चुनखडीचे दगड ओले झाले की फार घसरतात, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट घालावेत. तेथील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारू लागते, म्हणून सकाळीच निघावे. लिस्बनमधील राष्ट्रीय टाइल संग्रहालय उघडे असल्यास आधी तेथे जावे. 1755 च्या भूकंपापूर्वीचे लिस्बन दाखवणारे सुमारे 23 मीटर लांबीचे टाइलचित्र तेथे आहे.

प्रश्न : परदेशी जाणे आम्हाला शक्य नाही. शाळेच्या सहलीत विद्यार्थ्यांना अशा टाइल्स कोठे दाखवता येतील?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : पणजीला. तेथील इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा या संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइल्सची मोठी चित्रे आहेत. वास्को द गामाच्या सफरीवरील कामोइंश या कवीच्या महाकाव्यातील प्रसंग जॉर्जे कोलासो या चित्रकाराने त्यांत रंगवले आहेत. पोर्तो शहरातील रेल्वेस्थानकाच्या सुमारे 20,000 टाइल्सचे प्रसिद्ध काम याच कोलासोचे. ही चित्रे 1935 ची, म्हणजे तुलनेने अलीकडची आहेत आणि ती राज्यकर्त्यांच्या नजरेतून काढलेली आहेत. गोव्याचा इतिहास मुलांना वर्गात आधी शिकवून मगच ती दाखवावीत, असे मला कळकळीने वाटते. संस्थेत रोजचे कामकाज चालत असल्याने कामाच्या दिवशी जावे, आणि गट मोठा असेल तर आधी पत्राने कळवावे.