रत्नागिरीच्या नव्या रॅपरला

अरे, तुझा ट्रॅक ऐकला. आवाजात दम आहे, पण शब्द सगळे मुंबईच्या गल्लीतले. तू मिरकरवाड्याजवळ राहतोस ना? मग होड्या बंदराला लागतात तेव्हा जेटीवर जा, लिलाव ऐक. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी छोट्या मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. त्यांच्याशी बोल, मग लिही. तारीख, आकडा तपासल्याशिवाय ओळीत घालू नकोस. एक चूक सापडली की समोरचा अख्खं गाणं खोटं ठरवतो.

आणि जाखडी, आपला कोकणातला लोकनाच, बघच, रात्रभर बसून. पायांत चाळ, मध्ये ढोलकी, शक्तीवाले नि तुरेवाले असे दोन पक्ष एकमेकांना सवाल टाकतात, जवाब तिथल्या तिथे. बॅटल रॅपची तालीम याहून चांगली कुठे मिळणार? हिप-हॉप जिथे जन्मलं ते न्यूयॉर्कमधलं १९७३ चं ब्रॉन्क्स माहीत असावंच. पण १९२७ चं महाडचं चवदार तळं आणि गावोगाव फिरलेले आंबेडकरी जलसे, हा वारसा तुझा स्वतःचा आहे.

पैशाचं थोडक्यात: बीट घेताना लेखी करार कर. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, त्यावर पाणी सोडू नकोस. आंदोलनात फुकट गा, कंपनीच्या कार्यक्रमात मुळीच नाही.