कोर्टात जमा केलेली रक्कम नाकारण्याआधी

भाऊ, रावेरच्या केळीच्या बाकीसाठी अडीच लाखांचा दावा लावलाय आणि व्यापाऱ्याने दोन लाख थेट कोर्टात भरले, तर रागाच्या भरात ते झिडकारू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २४ वाचा. भरणा झाल्याची नोटीस मिळाली की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं, रक्कम अपुरी असली तरीही. म्हणून ती अंशतः वसुली म्हणून उचला, बाकीसाठी लढा. पण शेवटी दोन लाखच पुरेसे ठरले, तर भरण्यानंतरचा दाव्याचा खर्च तुमच्या डोक्यावर; फुगवलेल्या मागणीमुळे वाढलेला आधीचासुद्धा. आकडा हिशेबवहीतल्या नोंदींवरूनच धरा.

वाद व्यापारी स्वरूपाचा आणि किमान ३ लाखांचा असेल तर २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने बदललेलं, त्याच संहितेतलं दाव्याच्या खर्चाचं कलम ३५ लागतं. वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारला का, हेही तिथे तपासतात. नकाराचं कारण लेखीच द्या, पोचपावती जपा.